घड्याळात ४२.६, पाटीवर ४२.१९५

स्थानिक मॅरेथॉनच्या फिनिश लाइनपलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: "रूट लांब होता, माझ्या घड्याळात ४२.१९५ ऐवजी ४२.६ किलोमीटर आले." चार तासांच्या आत येण्यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळलेला माणूस चार तास दोन मिनिटांनी पोचतो आणि त्या दोन मिनिटांचं खापर रूट मोजणाऱ्यावर फुटतं. रूट नीट मोजलेला असेल तर चूक बहुतेक वेळा पेसच्या, म्हणजे दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या, गणितात असते, आणि ती शर्यतीच्या आधीच दुरुस्त करता येते.

अधिकृत मोजणी सायकलने होते. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून पुढच्या चाकाला लावलेला जोन्स काउंटर तेवढ्या अंतरात किती आकडे पुढे सरकतो ते ठरवतात. मग तीच सायकल पूर्ण रूटवर शक्य तितक्या आखूड रेषेने नेतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे रस्ता तिरका कापत थेट. शिवाय रूट चुकूनही कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. कागदावरचं ४२.१९५ म्हणजे ही आखूड रेषा. गर्दीत पळणाऱ्या कोणालाच ती तंतोतंत धरता येत नाही.

आपण पाण्याच्या टेबलाकडे वळतो, हळू पळणाऱ्यांना वळसा घालतो, रस्ता डावीकडे वळत असताना उजव्या कडेने पळत राहतो. त्यात जीपीएसची भर पडते. घड्याळ साधारण दर सेकंदाला एक ठिपका टिपतं आणि ठिपके जोडून अंतर काढतं. उंच इमारतींच्या मधे, पुलाखाली, दाट झाडीत ते ठिपके इकडेतिकडे उडतात आणि सरळ रेषा नागमोडी होते. तीन-चारशे मीटर जास्त दिसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता आकडे बघा. चार तासांसाठी ४२.१९५ किलोमीटरला पेस लागतो ५:४१. घड्याळ ४२.६ दाखवणार असेल, तर घड्याळातला सरासरी पेस ५:३८ हवा. घड्याळावर ५:४१ धरून निश्चिंत पळालात, तर फिनिश लाइन दोन मिनिटं आणि वर काही सेकंद उशिरा येते. ती प्रसिद्ध दोन मिनिटं हीच. शिवाय बरेच जण मनातल्या मनात ४२ किलोमीटरच धरतात. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला आणि १९२१ साली कायमचा ठरला. त्याच्या शेपटीतल्या १९५ मीटरनाही या पेसने १ मिनिट ७ सेकंद लागतात.

उपाय सोपा आहे. ऑटोलॅप (घड्याळ दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवतं ती सोय) बंद करा आणि किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण स्वतः दाबा. लहान स्पर्धांत मधल्या पाट्या कधीकधी जवळच्या खांबाच्या सोयीने लावलेल्या असतात, त्यामुळे एखादा किलोमीटर ५:२० आणि पुढचा ६:०० दिसला तर घाबरू नका. भरवसा ठेवायचा तो टायमिंग मॅट (धावपटूच्या चिपवरून वेळ नोंदवणारी चटई) असलेल्या ठिकाणांवर. चार तासांसाठी मनगटावरच्या पट्टीवर एवढंच लिहा: ५ किमी २८:२६, १० किमी ५६:५३, अर्ध्यावर २:००:००, ३० किमी २:५०:३८, ३५ किमी ३:१९:०४, ४० किमी ३:४७:३१. यात गर्दीसाठी आणि वळणांसाठी दोन मिनिटांची सवलत नाही, म्हणून लक्ष्य चारच्या आत असेल तर पट्टी ३:५८ ची बनवलेली बरी. अर्थात एखाद्या स्पर्धेचा रूट प्रमाणित नसेलच, तर तो खरोखर कमी-जास्त असू शकतो. नोंदणीआधी ते विचारून घ्यावं.

सगळ्यात महाग पडतात ते पहिले १० किलोमीटर. दोन-तीन आठवड्यांच्या टेपरनंतर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्यावर, पाय ताजे असतात, बंदुकीचा आवाज झाला की शेजारचे सगळे सुटतात आणि ५:४१ चा पेस चालल्यासारखा वाटतो. तिथे दर किलोमीटरला १५ सेकंद जास्त जोर लावला, तर दहाव्या किलोमीटरला अडीच मिनिटं वाचलेली दिसतात. तीच चूक ३२ नंतर दर किलोमीटरला दीड मिनिटाने वसूल होते. दहा किलोमीटरला १५ मिनिटं गेली! पहिले तीन किलोमीटर ठरवून १० सेकंद हळू पळावेत असं माझं ठाम मत आहे. गमावलेला अर्धा मिनिट पुढच्या तीस किलोमीटरमध्ये एकेका सेकंदाने परत मिळतो, कोणाला कळतही नाही.

लहान स्पर्धेत आणखी एक प्रसंग येतो, त्याची आधीपासून तयारी हवी. हाफ मॅरेथॉनवाले आणि फुलवाले बराच वेळ एकाच रस्त्यावर असतात. मग हाफवाले फिनिशकडे वळतात आणि पाच मिनिटांत रस्ता ओस पडतो. पुढे शंभर मीटरवर एक जण, मागे कोणी नाही, वारा अंगावर, टाळ्या बंद. नेमका इथे पेस १०-१५ सेकंदांनी घसरतो, आणि पाय चांगले असूनही घसरतो. २१ ते २५ या पट्ट्यात प्रत्येक लॅपकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आधीच आपल्या पेसचे दोघंतिघं हेरून ठेवले, पंधराव्या किलोमीटरलाच "किती टार्गेट?" असं विचारून घेतलं, तर हा रिकामा पट्टा सोबतीने निघतो. रूटचा नकाशाही पाठ हवा. यू-टर्नची मॅट चुकली तर निकालात नाव येत नाही, आणि प्रत्येक वळणावर स्वयंसेवक असेलच असं नाही.

तिसाव्या किलोमीटरनंतरच्या भिंतीबद्दल, म्हणजे पाय अचानक साथ सोडतात त्या वॉलबद्दल, बरंच बोललं जातं, पण तिचं कारण पहिल्या तासात दडलेलं असतं हे कमी सांगितलं जातं. पळताना ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरमागे एक किलोकॅलरी खर्च होते. ७० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी साधारण २,९५० लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) असतं सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरी. तेही सगळं वापरता येत नाही, कारण हातांच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन पायांना उसनं देता येत नाही. उरलेली ऊर्जा चरबीतून येते. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त मागते. पेस जितका वाढवाल तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो. म्हणजे सुरुवातीच्या त्या १५ सेकंदांनी टाकी लवकर रिकामी होते, आणि टाकी संपली की शरीराला चरबी झेपेल तेवढ्याच पेसवर उतरावं लागतं. इच्छाशक्तीने तिथे थोडंफार भागतं, पेस परत येत नाही.

टाकी भरायला दोन दिवस लागतात, एक रात्र पुरत नाही. शर्यतीआधीच्या ३६ ते ४८ तासांत दर किलो वजनामागे रोज ८ ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट लागतं, म्हणजे ७० किलोला ५६० ग्रॅमच्या पुढे. हे नुसतं जास्त खाऊन जमत नाही. चरबी आणि चोथा कमी करून ताटात जागा करावी लागते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे वजन किलोभर वाढतं आणि पाय जड वाटतात. अनेक जण इथे घाबरून आदल्या दिवशी खाणं तोडतात. तसं करू नका, ते वाढलेलं वजन म्हणजेच भरलेली टाकी. सकाळचं खाणं सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी, आणि तेही सरावातल्या लांब धावेच्या, म्हणजे लाँग रनच्या, आधी खाऊन पाहिलेलंच.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. बहुतेक जेलमध्ये (छोट्या पाकिटातल्या साखरेच्या दाट पाकात) २० ते २५ ग्रॅम असतात. चार तासांच्या धावपटूने पहिलं जेल ३५ व्या मिनिटाला आणि मग दर अर्ध्या तासाला घेतलं, तर ३:०५ पर्यंत सहा होतात, म्हणजे १२० ते १५० ग्रॅम. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पहिलं जेल दीड तासाने, "आता गरज वाटतेय" म्हणून घेणं. दुसरी चूक जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक पिणं. साखरेचं प्रमाण एवढं दाट होतं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, मळमळतं आणि पुढची तीन जेल खिशातच राहतात. जेलवर साधं पाणी. आतडंही सरावाने शिकतं, म्हणून शेवटच्या चार-पाच लाँग रनमध्ये हेच जेल, याच वेळांना. शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे प्रदर्शनात, फुकट मिळालेलं नवं जेल पुढच्या सरावासाठी ठेवून द्यावं.

पाण्यासाठी घरी एक चाचणी करा. तासभर पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कपडे काढून वजन करा. ७०.० चं ६९.२ झालं आणि मधे ३०० मिली प्यालात, तर घाम ताशी १.१ लिटर. एवढं सगळं भरून काढायचं नसतं. दोनेक टक्के वजन कमी झालं तर चालतं, तहान लागेल तसं प्यावं. टेबल दिसलं की पेला घ्यायचाच ही सवय मात्र धोक्याची आहे, विशेषतः चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांसाठी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याचा ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी, होता. डोकेदुखी, मळमळ, फुगलेली बोटं, गोंधळलेलं बोलणं अशी लक्षणं दिसली तर त्या माणसाला आणखी पाणी पाजू नका, थेट वैद्यकीय तंबूत न्या. आणि शर्यतीच्या दिवशी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते.

पिताना सरळ चालावं. वीस सेकंद भराभर चाललात तर सुमारे ३५ मीटर कापता, तेच पळून १२ सेकंदांत झाले असते. दहा टेबलांचं एकूण नुकसान ८० सेकंद, आणि पाणी नाकात न जाता पोटात जातं. प्रत्येक थांब्यावर ओळीतलं पहिलं टेबल सोडा, तिथे झुंबड असते. शेवटच्या टेबलावरून पेला उचला आणि कडा चिमटीत दाबून चोच करा.

पेटके आले तर मीठ शोधत थांबू नका. तेव्हा बहुधा थकलेल्या स्नायूवरचं मज्जातंतूंचं नियंत्रण बिघडलेलं असतं. पोटरी ताणून २०-३० सेकंद धरा, मिनिटभर चाला, मग दर किलोमीटरला पाच-दहा सेकंद हळू पेसने पुन्हा सुरू करा.

बाकी गोष्टी पटकन. बूट ५० ते १०० किलोमीटर वापरलेले आणि पुढे अंगठ्याएवढी जागा असलेले, कारण पाय सुजतात आणि काळी नखं त्यातूनच होतात. नखं तीन-चार दिवस आधी कापा. मोजे सुती नकोत, ओले राहून फोड आणतात. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, स्तनाग्रं इथे पेट्रोलियम जेली सढळ हाताने. बिब, म्हणजे क्रमांकाचा कागद, पुढच्या बाजूला, चारही कोपऱ्यांना पिना लावून, न दुमडता. चिप मागे चिकटवलेली असते आणि तिच्यावर पाण्याच्या बाटलीचा पट्टा आला तर मॅटवर नोंद हुकू शकते.

रेषा ओलांडली की लगेच बसू नका. पोटऱ्यांचं आकुंचन थांबतं, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. दहा-पंधरा मिनिटं चाला. चक्कर आलीच तर आडवं होऊन पाय वर. स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, जिना उतरताना तर फारच, कारण उतारावर मांड्यांचे स्नायू लांब होत होत भार पेलतात. त्या दिवसांत जोरकस मसाज नको, आणि पहिला आठवडा पळणं नको.

त्या रिकाम्या आठवड्यात निकालातले मॅटचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, कागदावर उतरवा. चिप टाइम (तुम्ही स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनचा) घ्या, गन टाइम (बंदुकीच्या आवाजापासूनचा) नको. दोन्ही अर्ध्यांतला फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर नियोजन बरोबर होतं, पुढच्या वेळी लक्ष्य थोडं वर न्या. फरक पंधरा-वीस मिनिटांचा असेल तर आधी पहिल्या १० किलोमीटरचा पेस तपासा. तो ठीक असेल तर जेलच्या वेळा, त्याही ठीक असतील तर सरावात ३० किलोमीटरच्या आसपासचे लाँग रन किती झाले ते. आणि घड्याळातलं एकूण अंतरही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच रूटवर पट्टी बनवताना ते लागेल.