"हे आमच्यासाठी पण आहे का जी?"
आज ऑफिसमध्ये पॉश कायद्याचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं ट्रेनिंग होतं, बाहेर नागपूरचं ऊन आणि आत अर्धे लोक मोबाइलमध्ये. पण मला जे कळलं ते डोक्यातून जातच नाहीये. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून महिला संघटनांची विशाखा केस उभी राहिली, आणि आपल्याकडे कायदाच नव्हता तर सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये आधार घेतला संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या, महिलांशी होणारा भेदभाव संपवण्यासाठीच्या सीडॉ कराराचा, ज्याला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली होती. किती लांबून आलं हे आपल्यापर्यंत! आणि तरी कायदा यायला २०१३ उजाडलं, याचा मला फार राग येतो.

सेशन संपलं तर सफाईवाल्या मावशी दाराशीच उभ्या, हातात ओला पोछा. हळूच म्हणाल्या, "ताई, हे आमच्यासाठी पण आहे का जी?" म्हटलं हो मावशी, कंत्राटी, रोजंदारी, घरकामवाल्या, सगळ्यांसाठी आहे. त्यांनी ऑफिसच्या तक्रार समितीतल्या मॅडमचा नंबर कागदावर लिहून घेतला, चार घड्या केल्या अन् ब्लाऊजमध्ये ठेवला. कशासाठी ते विचारायचं राहून गेलं. उद्या लवकर जाणार आहे, त्या सातलाच येतात.