जुईची खाज आणि दोनदा मोजलेले आठ आठवडे

चघळायच्या जंताच्या गोळीत मांसाची चव घातलेली असते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर जुईचे पाच आठवडे वाया गेले नसते. वर्ष उलटलं, तरी त्या गोळीचा राग मनातून जात नाही.

जुई आमची वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर. वजन साडेसात किलो. या कुत्र्यांना स्कॉटलंडमध्ये बिळातल्या प्राण्यांच्या मागे सोडत, त्यामुळे खणणं आणि हट्ट दोन्ही अंगातच. दोन वर्षांची होईपर्यंत ती ठणठणीत होती. मग पुढचे पंजे चाटायला लागली. बोटांमधले पांढरे केस तांबूस झाले, आणि मी मातीचे डाग समजून ते रोज धूत राहिले. तो रंग लाळेचा असतो. सतत चाटलं की लाळेतलं रंगद्रव्य केसांत बसतं आणि धुऊन निघत नाही. पांढरं कुत्रं पाळणाऱ्यांनी हा डाग दिसला की साबण शोधू नये, डॉक्टर गाठावा. मी दोन महिने घालवले. तोवर काखा, पोट, कान सगळं लाल झालं होतं. रात्री अंधारात तिच्या चाटण्याचा ओला आवाज यायचा आणि घरात कुणालाच झोप लागायची नाही.

पहिल्या दवाखान्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. दोन-तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. असं तीनदा झालं. दर वेळी तिची तहान आणि भूक वाढायची, रात्री लघवीला उठायची. कारण विचारलं की उत्तर एकच, 'वेस्टींची कातडी अशीच असते.' या जातीला त्वचेची ॲलर्जी जास्त होते हे खरं आहे. पण ती कशाची, हे शोधायचंच नाही का? चौथ्या इंजेक्शनला मी नाही म्हटलं आणि डॉक्टर बदलले.

नव्या डॉक्टरांनी कातडी खरवडून माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कातडीतले किडे, नाहीत ना ते पाहिलं, पिसवांचं औषध दिलं. पंजांना येणारा आंबूस वास यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा निघाला. औषधी शाम्पूने तो पंधरा दिवसांत आटोक्यात आला. (शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. लावला आणि धुतला, तर उपयोग नाही.) हा संसर्ग आधी बरा करावाच लागतो, नाहीतर खाज अन्नाची की यीस्टची हे कळत नाही.

मग आली खरी परीक्षा, एलिमिनेशन डाएट, म्हणजे नेहमीचं सगळं खाणं बंद करून खाज जाते का ते बघायचं. रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी कळेल असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. आठ आठवडे एकच खाद्य द्यायचं, ज्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. त्याशिवाय फक्त पाणी. बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, ताटातला घास नाही. मी वहीत रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्यायचे. पहिल्या आठवड्यात आठ, तिसऱ्यात सहा, पाचव्यात तीन. त्या तीनच्या आकड्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

त्याच आठवड्यात लस द्यायची होती. आमचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेले. डाएट चालू आहे हे मी आत शिरतानाच सांगितलं होतं. मी फॉर्म भरत होते आणि वर पाहिलं तर जुई काहीतरी मिटक्या मारत चघळत होती. 'जंताची गोळी दिली, आवडली तिला.' मला विचारलंसुद्धा नाही! तिसऱ्या दिवशी कान लाल, वहीत सात. फोन केला तर उत्तर आलं, 'एक गोळीच तर होती.' आमच्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि शांतपणे सांगितलं, पहिल्या दिवसापासून पुन्हा. मी गाडीत बसून रडले.

दुसऱ्या खेपेला तिच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधली : 'मला काहीही खायला देऊ नका.' चवीची टूथपेस्टही बंद केली. पहिल्या वेळी ती माझ्या लक्षातच आली नव्हती. तुम्हीही औषधाच्या प्रत्येक गोळीबद्दल बिनचवीची मिळते का, हे आधीच विचारा. अनेकदा मिळते.

यावेळी आठव्या आठवड्यात वहीत दोन होते. पण इथे थांबून चालत नाही. जुनं खाद्य मुद्दाम परत द्यावं लागतं, तेव्हाच निदान पक्कं होतं. जुन्या खाद्यात चिकन होतं. चौथ्या दिवशी ती पंजे चाटायला लागली. बरी झालेली खाज आपल्या हाताने परत आणणं फार जड गेलं, पण कारण सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता. चिकन बंद केलं आणि दोन आठवड्यांत आकडा पुन्हा खाली आला.

गवत फुलतं त्या दिवसांत अजून थोडी खाज येते, म्हणून फिरून आलं की ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसते, बोटांच्या फटी कोरड्या करते. वही चालूच आहे.

काल तिचा पंजा हातात घेऊन केस बाजूला केले. मुळाशी सगळे पांढरे आलेत. तपकिरी फक्त टोकाला उरलंय, ते पुढच्या वेळी केस कापताना निघून जाईल.