मिठाला विचारावं

माझ्या सिगारच्या पेटीत हवेतली आर्द्रता, म्हणजे ओलावा, मोजणारी दोन मापकं आहेत. एक झाकणाच्या आतल्या बाजूला बसवलेलं, पितळी कडेचं, काट्याचं. दुसरं आकडे दाखवणारं. पहिल्याबद्दल शंका आली म्हणून नंतर आत सरकवलेलं. परवा दुपारी सहज झाकण उघडलं तर काटा ७२ वर आणि आकडा ६५. मधे सिगारी निवांत पडलेल्या. त्यांना विचारायची काही सोय नाही.

अशा वेळी मिठाला विचारावं. बाटलीच्या बुचात थोडं मीठ घ्यायचं, वर थेंब थेंब पाणी सोडायचं. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं की हात आवरायचा. बूच आणि दोन्ही मापकं एका हवाबंद पिशवीत घालायची आणि रात्रभर त्या वाटेला जायचं नाही. सकाळी पिशवीतल्या हवेत ७५ टक्के आर्द्रता असते. खोली जरा गार असो की गरम, ७५ म्हणजे ७५. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेही याच आकड्यापायी. हवा त्याच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढायला लागतं. इतकी वर्षं आपण त्यात तांदळाचे दाणे टाकत बसलो आणि ते बिचारं शास्त्रशुद्ध मोजमाप करत होतं.

सकाळी काट्याने दाखवले ८१ आणि आकड्याने ७४. म्हणजे एक सहाने पुढे, दुसरा एकाने मागे. हिशेब केला तर आदल्या दिवशी दोघंही ६६ च सांगत होते.

आकडेवाला जास्त खरा निघाला तरी माझा जीव काट्यावरच आहे. सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक बनवलं आणि १७८३ मध्ये त्यावर लिहिलं. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, त्यावर काटा हलतो. हल्लीच्या स्वस्त मापकांत केस नसतो, ओलावा शोषणारा लेप दिलेली धातूची गुंडाळी असते. पण काटा अजूनही तसाच, जरा विचार करून हलतो.

आता ६६ बरे की वाईट? जुने लोक सत्तर-सत्तर म्हणतात, सत्तर टक्के आर्द्रता आणि सत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २१ सेल्सिअस. मला सत्तरची सिगार जड जाते. ओढताना गाल आत जातात, एका बाजूनेच जळते, पुन्हा पुन्हा काडी लावावी लागते. फार सुकलेली त्याहून वाईट. वरचं पान हातातच तडकतं आणि धूर जिभेला चावतो. पासष्टच्या आसपास माझं भागतं. सत्तरवाल्यांशी मी वाद घालत नाही, ते हटत नाहीत.

गंमत अशी की ज्या हवेचा आकडा आपण दिवसातून दहादा बघतो तिच्यात पाणी असतंच कुठे? विशीच्या तापमानाला एक घनमीटर हवेत फार तर सतरा ग्रॅम वाफ मावते. दहा लिटरच्या पेटीतल्या हवेत पासष्ट टक्क्यांना मोजून दोन-तीन थेंब. झाकण उघडलं की उडतात ते एवढेच. खरा साठा तंबाखूच्या पानांत आणि पेटीच्या लाकडात असतो. त्या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात; ते स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही, महोगनी-कडुनिंबाच्या कुळातलं अमेरिका खंडातलं झाड. नवी पेटी आणली की आधी या लाकडाची तहान भागवावी लागते, नाहीतर ते सिगारींचंच पाणी पितं.

लाकूड पाणी पितं हे मला फार आधी कळलं होतं. आजोबांच्या टेबलाचा खालचा खण पावसाळ्यात उघडायचाच नाही. त्यात त्यांचं भिंग असायचं आणि मला ते नेमकं पावसातच हवं असायचं. मी टेबलाच्या पायाला पाय लावून दोन्ही हातांनी मूठ ओढायचो, टेबल पुढे सरकायचं, दौत डुगडुगायची. "ओढू नकोस रे, फुगलाय तो. उन्हं पडू देत, आपणहून येईल," आजोबा वाचता वाचता म्हणायचे. एकदा त्यांनी खणाच्या कडांना मेणबत्ती घासून दिली होती, तेवढ्यापुरतं बरं झालं. हिवाळ्यात तोच खण एका बोटाने सरकायचा आणि तेव्हा भिंगाची आठवणही यायची नाही.

आर्द्रतेचं असं कसंतरी जमतं, तापमानापुढे मात्र मी हात टेकलेत. उकाडा वाढला की तंबाखूतला भुंगेरा जागा होतो. विशीच्या खाली तो सुस्त, तिशीला एकदम खुशीत. सिगारला बारीक गोल भोकं दिसली की समजायचं, आतून पोखरून कुणीतरी बाहेर पडलंय. यावर उपाय म्हणजे सिगारी दुहेरी पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायच्या, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. मी हा उपाय घरात मांडला. "फ्रीजरमध्ये तंबाखू? माझ्या घरात नाही," एवढंच उत्तर आलं. तेव्हा पेटी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, खिडकीपासून लांब. बाकी भुंगेऱ्याची मर्जी.

डॉक्टरांशीही मी असाच वाद घालून पाहिला. म्हटलं, सिगारचा धूर कुणी छातीत घेत नाही. ते म्हणाले, "मग तोंड आणि घसा काय दुसऱ्याचा आहे?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आता क्वचितच ओढतो. वर्षानुवर्षं नीट ठेवलेली सिगार मुरते, चव सुधारते असं जाणकार म्हणतात, आणि आज नको म्हणायला तेवढं कारण मला पुरतं.