भाऊबीजेला देवासला जायची परवानगी

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला आदेश हातात पडला. हिंदीत, दीड पान. 'तत्काल प्रभाव से निलंबित', आणि खाली आणखी एक ओळ, निलंबनकाळात मुख्यालय इंदूर राहील, पूर्वपरवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. मी पोच म्हणून सही केली, स्टोअरच्या किल्ल्या मोजून दिल्या आणि त्यांची पावती मागून घेतली. हात थरथरत होता, तरी पावती मागायचं सुचलं, याचं आजही बरं वाटतं.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात 19 वर्षं झाली, त्यातली शेवटची 6 स्टोअरला. पडताळणीत रजिस्टरवर प्रिंटरच्या शाईचे 36 टोनर निघाले, कपाटात 22. उरलेले 14 वेगवेगळ्या शाखांना गेलेत, त्यांच्या मागणीचिठ्ठ्या आहेत, पण रजिस्टरला चढवायच्या राहिल्या. महिन्याच्या शिलकीखाली सही माझी आहे. ती चूक माझीच, मी ती लेखी कबूल केली आहे. चोरी मी केलेली नाही.

पहिले पंधरा दिवस सगळ्यात जड गेली ती सकाळ. साडेनऊला डबा भरून निघायची सवय हाताला इतकी होती की दोनदा स्वतःचा डबा भरून ओट्यावर ठेवला. आमच्या गल्लीत कचरागाडी नऊच्या सुमारास येते. ओला-सुका वेगळा घेऊन सगळ्या बायका दाराशी येतात, दोन शब्द बोलतात. मी तेव्हा कधीच नसायची, सासूबाई द्यायच्या. आता बादली माझ्या हातात बघून समोरच्या भाभी म्हणाल्या, "आज छुट्टी है क्या?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीही हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "हमारी बहू सस्पेंड है, जाँच चल रही है, उसने कुछ नहीं किया." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण त्या दिवसानंतर मला रोज नवं खोटं शोधावं लागलं नाही. भाभींनी संध्याकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली, प्रश्न एकही विचारला नाही. सासूबाईंशी मी त्या दिवशी बोलले नाही. आता वाटतं, माझ्यासाठी इतकं मोठं काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

ऑफिसातून फोन जवळजवळ बंद झाले. लोक घाबरतात, जाँचमध्ये आपलं नाव यायला नको. समजतं, पण लागतं. एकानं माझा चष्मा आणि टेबलावरची तुळस घरी आणून दिली. तो दारातूनच परत गेला.

मग मी एक वही केली. तारीख, काय कागद आला, काय दिला, कोण काय म्हणालं. आणि नियम वाचायला बसले, कारण रात्री डोक्यात जे येतं ते नियमापेक्षा फार भयंकर असतं. निलंबन ही शिक्षा नाही, शिक्षांच्या यादीत ते नाहीच. पहिले तीन महिने निर्वाहभत्ता मिळतो, अर्धपगारी रजेच्या पगाराइतका, त्यावर महागाई भत्ता. दर महिन्याला लिहून द्यावं लागतं की मी दुसरीकडे कुठे काम करत नाही. पतसंस्थेचा हप्ता लेखी संमतीशिवाय कापता येत नाही, हे वाचल्यावर तसा अर्ज दिला. 90 दिवसांच्या आत निलंबनाचा आढावा घ्यावाच लागतो, नाहीतर ते टिकत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं आहे की तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही, तर निलंबन त्यापुढे ताणू नये. मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले.

मधे दिवाळी आली. माझा भाऊ देवासला असतो. सरवटे स्टँडवरून बस, जेमतेम तासाभराचा रस्ता. लग्नानंतर एकही भाऊबीज चुकलेली नाही. मी बारा दिवस आधी मुख्यालय सोडण्याचा अर्ज दिला. उत्तर नाही. भाऊ रोज फोन करायचा, "ताई, अगं देवास तर आहे, कुणाला कळणार?" हे सुद्धा म्हणाले, जाऊन ये. मी नाही म्हटलं. न विचारता गेले असते आणि कुणी बघितलं असतं, तर माझ्यावर दुसरा आरोप आला असता, आणि तो खरा असता. या सगळ्या महिन्यांत माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, की माझ्याविरुद्धचं काहीही खरं नव्हतं त्या एका चुकीपलीकडे. ती मी तासाभराच्या बससाठी घालवणार नव्हते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी परवानगी आली. एका दिवसाची. तो कागद मी पर्समध्ये घडी करून नेला, बसमध्ये दोनदा उघडून पाहिला.

भावाला ओवाळलं. दरवर्षी तो ताटात 501 रुपये घालतो. या वेळी पाकीट होतं, घरी येऊन उघडलं तर पाच हजार. परत करावे असं आधी मनात आलं. मग मुलाच्या क्लासची फी भरली.

81व्या दिवशी आरोपपत्र आलं. आढाव्यात निलंबन वाढलं. खूप रडले त्या रात्री. पण आता निदान आरोप कागदावर आहे, त्याला उत्तर देता येतं. चौकशी अधिकारी नेमलेत, बचावासाठी एक निवृत्त गृहस्थ यायला तयार झालेत, रजिस्टर बघायला उद्या अकराला बोलावलंय. त्या 14 टोनरच्या चिठ्ठ्यांच्या तारखा मी वहीत शाखेप्रमाणे काढून ठेवल्यात. एक चिठ्ठी अजून सापडत नाही. ती जूनमधली आहे.