नाल्यापलीकडची घरं वर्तुळात कशी आली

गेले तीन रविवार मी मोबाईल घेऊन आमच्या भागातल्या कचऱ्याच्या जागा मार्क करत फिरतोय, कंटेनर कुठे आहे, घंटागाडी कुठल्या कोपऱ्यावर थांबते, सुका कचरा घेणारे भंगारवाले कुठे बसतात, सगळं. घरी येऊन ते पॉइंट क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, खाली ओपनस्ट्रीटमॅपचे, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या मोफत नकाशातले रस्ते घेतले.

आधी प्रत्येक पॉइंटभोवती 200 मीटरचा बफर काढला, म्हणजे तेवढ्या अंतरातली घरं दाखवणारं वर्तुळ. तुम्ही करणार असाल तर लेयर, म्हणजे पॉइंटांचा थर, आधी यूटीएम झोन 43 नॉर्थ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत घ्या, पुण्याला तोच लागतो, नाहीतर अंतर अंशांत धरलं जातं आणि सगळंच चुकतं. तर जवळपास सगळा भाग वर्तुळांत आला, नाल्यापलीकडची वस्तीसुद्धा. पण तिथे तर मी आदल्याच दिवशी काठावर कचऱ्याचा ढीग बघितला होता!

वर्तुळ हवेतनं अंतर मोजतं हो, माणसाला मात्र बादली घेऊन पुलावरनं वळसा घालून जावं लागतं. मग सर्व्हिस एरिया काढला, म्हणजे रस्त्याने 200 मीटर चालून कुठवर पोचता येतं ते, आणि अख्खी वस्ती बाहेर पडली. टेकडीच्या अंगाची काही घरंही बाहेर गेली, पण तिथे खरं तर खाली उतरायला पायऱ्या आहेत, फक्त नकाशात त्या कुणी काढलेल्याच नाहीत.

आणि पुलाजवळच्या एक मावशी म्हणाल्या, "गाडी येते की दारात, पण सव्वानऊला, मी आठलाच कामावर जाते बाळा." अंतर शून्य, तरी त्यांचा ओला कचरा संध्याकाळपर्यंत घरातच. हे मला कुठल्याही लेयरमध्ये दिसलं नसतं.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा घेते, तिथल्या ताई ढकलगाडी खाली लावून बोळात चालत आत जातात. घनकचरा नियमांतही दारातनं कचरा उचलायचं आहेच, म्हणून मी आता मोजणी दारापासून सुरू करतोय.

येत्या रविवारी त्या पायऱ्या ओपनस्ट्रीटमॅपवर काढायच्यात आणि प्रत्येक पॉइंटला गाडीच्या वेळेचा एक कॉलम जोडायचाय. वेळा विचारायला मावशी सोबत येते म्हणाल्यात.