सहा सेकंदांचं पाणी

फ्रिजमधला बर्फ संपलाय हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. खालचा डबा रिकामा, वरचा ट्रे कोरडा ठणठणीत. आइसमेकर मात्र आपलं काम इमानेइतबारे करत होता. ट्रे पिळायचा, नसलेला बर्फ डब्यात ओतायचा आणि पुन्हा सरळ होऊन पाण्याची वाट बघत बसायचा.

नेहमीच्या गोष्टी आधी पाहिल्या. डबा भरलाय का हे चाचपणारी दांडी कुठे अडकली नव्हती. फ्रीजरचं तापमान उणे १८. दारातल्या नळाला पाणी व्यवस्थित येत होतं, म्हणजे मागची लाइन उघडी होती आणि फिल्टरही तुंबलेला नव्हता. ट्रेवर पाणी सोडणारी नळी कधीकधी बर्फानं बंद होते, म्हणून तीही काढून फुंकून पाहिली. मोकळी होती.

आइसमेकरच्या खालच्या बाजूला एक छोटं टेस्ट बटण असतं. ते दाबून धरलं की बोर्ड, म्हणजे फ्रिजचं सगळं काम चालवणारं सर्किट, ट्रेच्या तापमानाची वाट न बघता अख्खी फेरी करून दाखवतो. माझ्याकडे ट्रे फिरला, परत आला, फ्रिजच्या मागून रिलेचा, म्हणजे बोर्डावरच्या विजेच्या स्विचचा, ‘टक्’ ऐकू आला आणि सहा सेकंदांनी दुसरा ‘टक्’. मधल्या वेळात पाणी यायला हवं होतं, ते आलं नाही. पण एवढ्यावरून मोटर आणि बोर्डाचं डोकं हे दोघेही सुटले. बोर्ड ‘पाणी सोड’ म्हणत होता आणि पाणी सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नव्हतं, किंवा पोचूनही व्हॉल्व्ह ऐकत नव्हता.

फ्रिजची पिन काढली, फ्रिज ओढून मागचं झाकण उघडलं. आमच्या फ्रिजच्या व्हॉल्व्हला दोन कॉइल आहेत, म्हणजे वीज मिळाली की पाण्याची वाट उघडणारी तारेची वेटोळी, एक दारातल्या नळाची आणि एक आइसमेकरची. मल्टिमीटरवर दोन्हींचा रोध मोजला: ३.९ आणि ३.८ किलोओहम. जुळी भावंडं. कॉइल जळली असती तर मीटरनं सर्किट तुटल्याचं दाखवलं असतं. मग आइसमेकरच्या कॉइलचा कनेक्टर काढून त्यात मीटरच्या पिना बसवल्या, हात बाजूला घेतले, पिन पुन्हा लावली आणि टेस्ट बटण दाबलं. (२३० व्होल्टचं उघडं काम आहे, तेव्हा क्लिपा लावायच्या त्या पिन काढलेली असताना. चालू फ्रिजच्या मागे हात घालून चाचपडायचं नाही.) रिले टक् झाला आणि मीटर २२८ वर गेला.

कॉइल चांगली आहे, सप्लाय येतोय, तरी पाणी नाही. म्हणजे व्हॉल्व्ह आतून अडकलाय. हा तर्क मला आजही वाईट वाटत नाही. त्यातला ‘येतोय’ हा शब्द तेवढा चुकला. शिवाय एक खूण माझ्या नाकासमोर होती. व्हॉल्व्ह आतून अडकला तरी कॉइल गुंजते, हात लावला तर थरथर जाणवते. माझ्या व्हॉल्व्हमधून हूं की चूं आवाज नव्हता. मी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण मीटरवर स्वच्छ आकडा दिसत होता आणि आकडा दिसला की माणूस कानांवर विश्वास ठेवत नाही.

नवा व्हॉल्व्ह मागवला, बसवला, तीन नळ्या काढताना फरशीवर तळं केलं. टेस्ट बटण. टक्. सहा सेकंद. टक्. ट्रे कोरडाच.

मग सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. दोन्ही कॉइलचे कनेक्टर सारख्याच मापाचे होते. सगळ्या मॉडेलमध्ये असं नसतं, पण माझं नशीब. फ्रिजची पिन काढून त्यांची अदलाबदल केली. आता दारातला नळ दाबला की आइसमेकरकडे पाणी जायला हवं. मुलीला नळापाशी उभं केलं आणि मी फ्रीजर उघडून ट्रेखाली पातेलं धरून बसलो. “बाबा, दाबू?” “दाब. आणि लगेच सोड.” तिनं दाबलं आणि वरच्या नळीतून भसकन पाणी आलं. ‘लगेच’ या शब्दाचा आमच्या दोघांचा अर्थ वेगळा असल्यामुळे पातेलंही भरलं आणि माझी बाहीही. पण नळी, व्हॉल्व्ह, कॉइल सगळं निर्दोष ठरलं. आता उलट तपासणी. आइसमेकरची वायर दारातल्या नळाच्या कॉइलला होती, आणि टेस्ट बटण दाबल्यावर तीही कॉइल गप्प राहिली. म्हणजे दोष वायरीबरोबर फिरत होता. एक पैसा खर्च न करता पाच मिनिटांत हे कळलं असतं.

पण मग ते २२८ व्होल्ट कुठून आले?

या वेळी कनेक्टर कॉइलला लावूनच ठेवला आणि त्याच्या मागून, वायरी आत शिरतात तिथून, बारीक पिना सरकवून मीटर जोडला. सहा सेकंदांत वाचता यावं म्हणून मीटर फ्रिजच्या बाजूला टेपनं चिकटवला. रिले टक् झाला. मीटरवर ९ व्होल्ट. कनेक्टर काढून पाहिलं, पुन्हा २२८. लावून पाहिलं, ९. लोड टाकला, म्हणजे वीज ओढणारी कॉइल जोडली, आणि पितळ उघडं पडलं.

याचं कारण समजायला पाण्याचीच नळी बरी. नळी मधे कुठेतरी गाळानं जवळजवळ बंद झालीय, सुईएवढं भोक उरलंय. पुढचा नळ बंद ठेवून दाब मोजला तर तो पूर्ण भरतो, कारण पाणी वाहतच नसतं. नळ उघडला की थेंब थेंब. डिजिटल मीटर हा बंद नळासारखा असतो. त्याचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे तो वायरीतून जवळपास काहीच ओढत नाही. वाटेत लाखभर ओहमचा अडथळा असला तरी त्याला पत्ता लागत नाही. कॉइल मात्र ३.८ किलोओहमची. ती ओढायला गेली की सगळे व्होल्ट त्या अडथळ्यातच संपतात. जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्ट लॅम्प लावला असता तर तो पेटलाच नसता आणि मी पहिल्याच दिवशी सुधारलो असतो.

आता फक्त अडथळा शोधायचा होता. पिन काढली, बोर्डावरचा कनेक्टर सोडवला आणि बोर्ड ते व्हॉल्व्ह अशी एकेक वायर मोजली. न्यूट्रलवर मीटर लगेच बीप झाला, म्हणजे ती वायर अखंड होती. दुसरी वायर काही बीप देईना. ओहमवर टाकली तर आकडा एका जागी ठरेना, कधी ८० किलोओहम, कधी दीडशे, आणि वायर हलवली की आणखी तिसरंच. कॉम्प्रेसरच्या बाजूला, अगदी तळाशी, या वायरीचा एक मधला जोड होता. त्याचं प्लास्टिक उघडलं तर आत हिरवा कळंक. बंबाच्या नळावर चढतो तसा, पण ओलसर. पितळी पिन अर्धी खाऊन टाकलेली.

तिथे पाणी कुठून आलं हा प्रश्न सोडून दिला असता तर काही महिन्यांनी पुन्हा इथेच बसलो असतो. वर पाण्याची नळी येऊन मिळते त्या नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. सकाळी कागद ओला. नट अगदी किंचित पाझरत होता. थेंब वायरीवरून ओघळत सगळ्यात खालच्या बिंदूला जायचा, आणि तिथे नेमका जोड.

नट काढून नळीचं टोक सरळ कापलं, पुन्हा बसवलं. खराब जोड कापून टाकला. तांबं दोन्ही बाजूंना इन्सुलेशनच्या आतही काळं पडलं होतं, त्यामुळे लखलखीत धातू लागेपर्यंत वायर सोलत मागे जावं लागलं. तेवढी भर नव्या वायरीनं घातली, क्रिम्प केलं, म्हणजे जोड दाबून घट्ट केला, आणि वरून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. जोड आता वरच्या बाजूला आहे आणि वायरीला त्याच्याखाली एक झोका ठेवलाय, म्हणजे उद्या थेंब आलाच तर झोक्याच्या तळातून खाली पडेल.

कॉइल जोडलेली ठेवून शेवटचं माप घेतलं: २२७. रिले टक् झाला, व्हॉल्व्ह गुंजला आणि ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. पहिले दोन ट्रे बर्फ टाकून दिला.

जुना व्हॉल्व्ह हत्यारांच्या खोक्यात ठेवलाय. त्यावर टेप चिकटवून लिहिलंय: ‘चालू आहे. उगाच काढला.’