मेलिंग लिस्ट मांडताना: तीनवर थांबा

ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, जरा नावारूपाला आला, ओळखपाळख नसलेली माणसं पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) पाठवायला लागली, की हमखास कोणीतरी म्हणतं आता आपल्याला नीट मेलिंग लिस्ट पाहिजेत, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या सभासदांना पोचते तसल्या. मग एका कॉलमध्ये भराभर नावं निघतात, यूजर्स, डेव्ह (म्हणजे डेव्हलपर), डॉक्युमेंटेशन, ट्रान्सलेशन, टेस्टिंग, इव्हेंट्स, आणि एक नुसत्या गप्पांसाठी. सर्व्हरवर नवी लिस्ट उघडायला दोन मिनिटं लागतात त्यामुळे कोणालाच त्यात काही जड वाटत नाही. मी गेली काही वर्षं एका मध्यम आकाराच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या लिस्ट सांभाळतेय आणि या टप्प्यावर मला जो कोणी विचारतो त्याला मी एवढंच सांगते की तीनवर थांबा. अनाउन्स (घोषणांसाठी), यूजर्स, डेव्ह. सिक्युरिटीसाठी एक बंद पत्ता लागतो, पण तो या तीनमध्ये धरू नका, त्याचं गणित वेगळं आहे, पुढे येईलच.

तीनच का, तर रिकामी लिस्ट फार वाईट दिसते. समजा कोणी ट्रान्सलेशनच्या लिस्टवर विचारलं की अमुक भाषेची फाइल कुठल्या ब्रँचवर पाठवू, आणि तिथे सभासद मोजून चार, त्यातले दोघं केव्हाच प्रोजेक्ट सोडून गेलेले. आठवडा गेला, उत्तर नाही, आणि तो माणूस गुपचूप निघून जातो कारण त्याला वाटतं हा प्रोजेक्ट बंद पडलाय. हाच प्रश्न डेव्हवर आला असता तर कोणीतरी तासाभरात सांगितलं असतं. माणसं थोडी असताना त्यांना सात खोल्यांत बसवलं तर प्रत्येक खोली ओसाडच वाटणार ना.

लिस्ट फोडायची वेळ कधी आली हे ओळखायला माझी एक साधी खूण आहे. एका प्रकारच्या बोलण्यामुळे दुसऱ्या प्रकारची माणसं अनसबस्क्राइब करायला लागली की समजायचं आता फोडा, त्याआधी नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लोकांनी नवनव्या कच्च्या कल्पनांसाठी वेगळी लिस्ट काढली ती याच कारणाने, म्हणजे 'भाषेत असं असतं तर किती बरं झालं असतं' अशी चर्चा तिकडे मनसोक्त होऊ दे आणि मुख्य डेव्ह लिस्टवर काम चालू राहू दे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसकडे हॅकर्स (इथे अर्थ डेव्हलपर), जनरल, बग्ज, नॉव्हिस अशा बऱ्याच लिस्ट आहेत पण तो प्रोजेक्ट केवढा आणि तिथली वर्दळ केवढी ते बघा. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, तर टोकाचं उदाहरण, तिथली मुख्य लिस्ट इतकी वाहते की ती पूर्ण वाचणं माणसाच्या आवाक्यातलं काम राहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक सबसिस्टिमची (कर्नलच्या एकेका भागाची) आपली लिस्ट, मेंटेनर्स (कोड सांभाळणारे) नावाच्या फाइलमध्ये कोणता कोड कोणाकडे आणि कोणत्या लिस्टवर याची नोंद, आणि पॅच कुठे पाठवायचा हे सांगणारी एक स्क्रिप्ट सुद्धा सोर्स कोडमध्येच ठेवलेली. ही सगळी व्यवस्था गर्दी झाल्यावर आली, गर्दी होईल या आशेवर नाही.

अनाउन्सबद्दल मी जरा कडक आहे. ज्या लोकांनी तुमचं सॉफ्टवेअर कुठेतरी बसवून ठेवलंय, ज्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) लोकांनी त्याचं पॅकेज बनवलंय, त्यातले बरेच जण फक्त ही एकच लिस्ट घेतात, कारण त्यांना नवी रिलीज आणि सिक्युरिटीची सूचना एवढंच हवं असतं. तिथे परिषदेचं आमंत्रण, सर्व्हे, देणगीचं आवाहन असं काहीबाही टाकलं की ते जातात आणि मग पुढची सिक्युरिटी फिक्सची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लिहिण्याची परवानगी दोन-तीन जणांनाच, आणि रिप्लाय केला तर तो यूजर्स लिस्टवर जाईल असं सेटिंग करून ठेवायचं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. लिस्ट मांडताना आपण आज सभासद असलेल्या लोकांचा विचार करतो, पण लिस्टचा खरा फायदा ज्याला होतो तो अजून आलेलाच नसतो. दोन वर्षांनी कोणीतरी कोड वाचताना एका विचित्र अटीपाशी अडकणार आहे, त्याला ती का घातली ते कळायला हवं, आणि ते कळण्याची एकमेव जागा म्हणजे अर्काइव्ह, लिस्टवरच्या जुन्या मेलचा साठा. पोस्टग्रेसक्यूएलच्या कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या नोंदीत) शेवटी डिस्कशन म्हणून त्या थ्रेडची (मेलच्या त्या चर्चेची) लिंक असते, ती उघडली की कोणी काय आक्षेप घेतला, पॅचच्या कुठल्या आवृत्तीत काय बदललं, सगळं समोर येतं. मला ही पद्धत अतिशय आवडते. अपाची या ओपन सोर्स संस्थेच्या जगात तर म्हणतातच की जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. तिथे मतदान पण लिस्टवरच, +१ किंवा -१ लिहून, आणि साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात कारण माणसं वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असतात, कोणी फक्त संध्याकाळी वेळ काढतं, कोणी सुट्टीच्या दिवशीच. चॅटवर अर्ध्या तासात पाच जणांनी ठरवलं आणि सहावा झोपलेला होता, असं झालं की तो सहावा हळूहळू सुटतो. चॅटवर बोला, जरूर बोला, पण निर्णय लिस्टवर मांडा, दोन-तीन दिवस द्या आणि मग कोड मर्ज करा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्या.

अर्काइव्ह किती कामाला येतं ते २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत सगळ्यांनीच बघितलं. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या डेव्हलपरने ओएसएस-सिक्युरिटी या खुल्या लिस्टवर मेल टाकली की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (चोरवाट) आहे. त्याच्या लक्षात आलं ते एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय यावरून. त्यानंतर लोक एक्सझेडच्या जुन्या लिस्टमध्ये शिरले आणि २०२२ मधल्या मेल वाचल्या तर काय, एक-दोन अनोळखी खाती एकट्या पडलेल्या मेंटेनरच्या मागे लागलेली दिसली, पॅच घेतले जात नाहीत, काम हळू चाललंय, दुसऱ्या कोणाकडे सोपवा, असा सारखा दबाव. आणि ज्याला हळूहळू अधिकार मिळाले तोच पुढे बॅकडोअर घालणारा निघाला. हे बोलणं खासगी चॅटमध्ये झालं असतं तर हा धागा कोणाला जोडता आला असता? त्या मेल वाचून मला आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे असा तगादा चालू असताना लिस्टवरच्या कोणीतरी मेंटेनरच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. तेव्हापासून आमच्याकडे मॉडरेटरचं ते कामच आहे. कोणी एखाद्या मेंटेनरवर सारखं चढायला लागलं की लिस्टवरच नीट सांगायचं की हे लोक फावल्या वेळात काम करतात, घाई असेल तर रिव्ह्यूला हातभार लावा.

सिक्युरिटीचा बंद पत्ता म्हणते तो याच विषयाशी जोडलेला. तिथे तीन ते पाच भरवशाची माणसं, अर्काइव्ह खासगी, आणि पत्ता प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) ठळक लिहिलेला. पण बंद म्हणजे कायमचं बंद नव्हे. लिनक्स डिस्ट्रोंच्या सिक्युरिटी लोकांची जी बंद लिस्ट आहे तिथे नियमच आहे की एखादी त्रुटी जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवायची, नंतर ती खुल्या लिस्टवर आलीच पाहिजे. छोट्या प्रोजेक्टने पण अशी काहीतरी मुदत आधीच लिहून ठेवावी, नाहीतर 'फिक्स झाली की सांगू' म्हणता म्हणता वर्ष जातं.

मॉडरेशनच्या रांगेकडे, म्हणजे तपासायला अडवून ठेवलेल्या मेलकडे, फार कमी जणांचं लक्ष असतं आणि नवी माणसं सगळ्यात जास्त तिथेच हरवतात. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत काय दिसतं ते सांगते. वीस-पंचवीस स्पॅम, औषधं, लॉटरी, कोणाचे तरी सुट्टीवर असल्याचे ऑटो रिप्लाय, आणि मधेच एक अशी: सब्जेक्टमध्ये 'बिल्ड होत नाही', खाली ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलरची आवृत्ती, काय काय करून बघितलं ते सविस्तर, आणि सोबत पूर्ण बिल्ड लॉग जोडलेला. अडकायचं कारण काय तर मेसेज मोठा आहे, मर्यादा ४० केबी. मेलमन बसवलं की ही मर्यादा आपोआप तेवढीच येते आणि कोणी बदलत नाही. म्हणजे ज्याने सगळ्यात मन लावून बग कळवला त्याचीच मेल अडकली, आणि 'चालत नाही प्लीज हेल्प' एवढंच लिहिणाऱ्याची थेट गेली! मर्यादा वाढवा, निदान काहीशे केबी तरी करा. मॉडरेटर किमान तिघं ठेवा, वेगवेगळ्या टाइमझोनमधले असले तर उत्तम, आणि प्रत्येकाने दिवसातून एकदा रांग बघायची. नव्या सभासदाची पहिली मेल अडवून बघायची आणि नीट असली की त्याच्यावरचं मॉडरेशन लगेच काढायचं, हे काढायचं लोक विसरतात आणि मग सहा महिने लिस्टवर असलेल्या माणसाची प्रत्येक मेल चार-चार तास उशिरा दिसते, तोपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.

तांत्रिक डोकेदुखीपैकी एकच सांगते कारण ती समजली नाही तर सभासद गळतात आणि कारण कळत नाही. पूर्वी लिस्टची मेल आली की सब्जेक्टच्या आधी चौकोनी कंसात लिस्टचं नाव आणि खाली अनसबस्क्राइब कसं करायचं त्याचा फूटर, हे ठरलेलं होतं. पण आजकाल पाठवणाऱ्याचा मेल सर्व्हर मेसेजवर डीकेआयएमची सही (मेल वाटेत बदलली नाही याची खूण) करतो, लिस्टने सब्जेक्ट किंवा मजकूर बदलला की ती सही तुटते. एसपीएफ (त्या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकते याची यादी) पण जुळत नाही कारण मेल आता लिस्टच्या सर्व्हरवरून येतेय. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारं) धोरण 'रिजेक्ट' केलं आणि जगभरच्या लिस्ट एकदम गडबडल्या. यात गंमत अशी की फटका पाठवणाऱ्याला बसत नाही. त्याची मेल दुसऱ्या सभासदांचे सर्व्हर नाकारतात, लिस्टचं सॉफ्टवेअर ते बाउन्स (परत आलेल्या मेल) मोजतं आणि काही दिवसांनी त्या सभासदांचीच डिलिव्हरी बंद करतं, ज्यांचा काहीही दोष नाही. उपाय दोन आहेत, एक म्हणजे फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता घालायचा, किंवा मग मेसेजला हातच लावायचा नाही. मला दुसरा पटतो. सब्जेक्टमधला कंस काढा, फूटर काढा, सही शाबूत राहते आणि कोणी लिहिलंय ते पण नीट दिसतं. फिल्टर लावायला लिस्ट-आयडी हेडर (मेलच्या वर असलेली, एरवी न दिसणारी ओळ) आहे, ते २००१ पासूनचं स्टँडर्ड आहे, आणि लिस्ट-अनसबस्क्राइब तर १९९८ पासून, बरेच मेल प्रोग्रॅम त्यावरून बटण दाखवतात. सुरुवातीला आमच्याकडे दोघा-तिघांनी कुरकुर केली की कंस दिसत नाही, त्यांना फिल्टर कसा करायचा ते लिहून दिलं आणि विषय संपला.

रिप्लाय कोणाला जावा यावर लोक दिवसेंदिवस भांडू शकतात. डेबियन या डिस्ट्रोच्या लिस्टवर शिष्टाचार असा की मागितल्याशिवाय कोणाला वेगळी सीसी पाठवू नका, कर्नलवाल्यांकडे बरोबर उलटं, रिप्लाय ऑलच करा, सीसीतलं कोणाला काढू नका. दोन्हीकडे वर्षानुवर्षं काम चाललंय. तुमचा जो काही नियम असेल तो लिस्टच्या माहितीच्या पानावर एका ओळीत लिहा, आणि नव्या माणसाने वर उत्तर लिहून खाली सगळी जुनी मेल तशीच चिकटवली म्हणून त्याला सगळ्यांसमोर झापू नका, बाजूला एक साधी मेल टाकली तरी पुरतं.

'आता कोण मेल वाचतं, डिस्कोर्सवर जाऊया' हा प्रश्न येतोच; डिस्कोर्स म्हणजे वेबवरचा चर्चेचा फोरम. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या काही लिस्ट २०२१ मध्ये गेल्या, पायथनची डेव्ह चर्चा २०२२ मध्ये गेली, आणि माझा त्याला विरोध नाही. नव्या लोकांना ते सोपं पडतं, मॉडरेशनची साधनं पण चांगली आहेत. मी हट्ट धरते तो फक्त जुन्या लिंकांसाठी. मेलमन २ च्या अर्काइव्हमध्ये प्रत्येक मेलला ओळीने नंबर मिळतो, आणि कधी एखादी मेल काढून टाकून अर्काइव्ह परत बनवलं की पुढचे सगळे नंबर सरकतात, म्हणजे बग ट्रॅकरमध्ये, कमिटमध्ये दिलेली लिंक आता भलत्याच मेलवर जाते. कर्नलचं लोर (lore) नावाचं अर्काइव्ह यासाठी बघण्यासारखं आहे, तिथे लिंकमध्ये मेसेज-आयडीच (प्रत्येक मेलची स्वतंत्र खूण) असतो, सर्व्हर बदलला तरी त्यावरून मेल सापडते. म्हणून कुठेही जा, आधी जुन्या लिस्टची एमबॉक्स फाइल (सगळ्या मेल एकत्र असलेली) उतरवून दोन ठिकाणी ठेवा आणि जुने पत्ते चालू ठेवा.

तसंच जर तुमच्याकडे आधीच दहा लिस्ट असतील आणि सात झोपलेल्या असतील तर त्या डिलीट करू नका. आधी त्या लिस्टवरच एक मेल टाकून विचारा की बंद केली तर चालेल का, दोन आठवडे थांबा. उत्तर नाही आलं तर नवी मेल घेणं बंद करा, सभासदांना आपोआप दुसऱ्या लिस्टवर ढकलू नका कारण त्यांनी ती मागितलेली नाही, नुसतं आमंत्रण पाठवा. अर्काइव्ह वाचायला उघडं राहू दे. आणि त्या जुन्या पत्त्यावर कोणी लिहिलंच तर त्याला ऑटो रिप्लाय जाईल असं करा, की ही चर्चा आता डेव्हवर चालते, सबस्क्राइब न करता पण लिहू शकता, पहिली मेल तपासून सोडायला एखादा दिवस लागेल.